मामी, मद्रास आणि सुनीतीबाई

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होते. दोनदा लिहिलं आणि खोडलं. कारण उघड आहे, इथं येणारे अर्धे वाचक ब्लॉगवाले मित्रमैत्रिणी आणि उरलेले अर्धे आमचीच मामे-मावस-चुलत मंडळी. पण या वेळी धाकट्या मामीनंच सांगितलं, "लिही की. आता लपवायचं काय राहिलंय?" तेव्हा वाचून ज्यांना राग येईल त्यांनी फोन मला करावा, तिला नको.

झालं असं की चैत्रात एका लग्नासाठी किनवटला गेले होते. किनवट म्हणजे आमचं आजोळ. नांदेड जिल्ह्याचं हे अगदी टोक. पैनगंगा, सागवानाचं जंगल, जवळच माहूरची रेणुकामाता आणि पलीकडे लगेच आदिलाबाद. १९५६ पर्यंत तर आमचा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्यामुळे बाजारात आजही मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी, बंजारा बोली आणि हैदराबादी उर्दू कानावर पडते. लहानपणी मुदखेडहून मीटरगेजच्या गाडीनं डुलत डुलत जायचो तेव्हा स्टेशनवर उतरवून घ्यायला धाकटा मामा यायचा. म्हणजे तो गावात असला तर. मामा ट्रकवर ड्रायव्हर होता. आदिलाबादला हमरस्ता लागला की खाली हैदराबाद, बंगलोर आणि कधीमधी थेट मद्रास. कापसाच्या गाठी जायच्या, येताना काहीही यायचं. एकदा मामीसाठी मद्रासहून साडी आणली होती, कांजीवरम म्हणून. पहिल्या धुण्यात तिचा सगळा रंग बादलीत उतरला. मामी अजून हसते त्यावर.

मामा १९९६ साली दिवाळीच्या आधी गेला. मी नववीत होते. आम्हा पोरांना सांगितलं, टीबी झाला होता. खोटं नव्हतंच ते. टीबी झालाच होता. पण टीबीनं गेलेल्या माणसाची गादी जाळतात, त्याची थाळी-पेला नदीत सोडतात, आणि त्याच्या बायकोला तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी माहेरी पोचवून येतात, हे काही त्या वयातही पटलं नव्हतं. पुढे कळलं ते असं. एका मोठ्या गावातल्या दवाखान्यात मामाला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी थोरल्या भावाला व्हरांड्यात बाजूला घेऊन रोगाचं नाव सांगितलं. थोरल्यानं ते आजोबांना सांगितलं. आजोबांनी कोणालाच सांगितलं नाही. मामी त्या वेळी आत, कॉटच्या पायाशी बसली होती, आणि तिला सांगायला हवं असं त्या तिघांपैकी कोणालाही वाटलं नाही.

लग्नघरी रात्री गच्चीवर आम्ही दोघी आडव्या झालो होतो. मामीनं नऊ वाजता आपली गोळी घेतली (आता रोज एकच असते) आणि मला म्हणाली, "तुला त्या इंटरनेटवर सगळं सापडतं. मला एक सांग. हा रोग आपल्या मुलखात आहे हे पहिल्यांदा कोणाला कळलं गं?"

तिला त्या रात्री जे सांगितलं आणि पुण्याला परत आल्यावर आणखी जे वाचलं, ते हे.

गायतोंडे म्हटलं की आपल्याला चित्रकार आठवतात. मद्रासमध्येही एक गायतोंडे कुटुंब होतं. मराठी, चामड्याचा व्यापार करणारं. घरात भाऊच भाऊ आणि एकुलती एक मुलगी, सुनीती. साधारण १९३९ चा जन्म. देवीची लस टोचायला दर वर्षी आरोग्य अधिकारी घरी यायचे, त्यांना बघून डॉक्टर व्हावंसं वाटलं, असं त्या पुढे सांगत. बहुतेक पोरं लस टोचणाऱ्याला बघून माडीवर पळतात, ही बाई त्याच्यासारखं व्हायचं म्हणाली! मद्रास मेडिकल कॉलेजात शिकताना व्हिक्टर सॉलोमन यांची ओळख झाली. ते हृदयाचे शल्यचिकित्सक झाले. हिंदू मराठी मुलगी, ख्रिस्ती तमिळ मुलगा, लग्न झालं. मग इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असा प्रवास झाला, तिथे सुनीतीबाईंनी पॅथॉलॉजीचं शिक्षण घेतलं. १९७३ मध्ये दोघं परत आले. आपली गरज इथं जास्त आहे असं त्यांना वाटलं. परत येऊन त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी मिळवली आणि आपल्याच कॉलेजात शिकवू लागल्या, प्राध्यापक झाल्या.

इथवर ही एका हुशार, सुखवस्तू डॉक्टरणीची गोष्ट आहे. पुढची तशी नाही.

१९८१ मध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची वर्णनं छापून आली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. सुनीतीबाई हे सगळं वाचत होत्या. आपल्याकडे तेव्हाचा सूर असा होता की हा रोग तिकडचा. स्वैर वागणाऱ्या पाश्चात्यांचा. आपली संस्कृती, आपली कुटुंबव्यवस्था वगैरे. मुंबईसारख्या ठिकाणी काही तपासण्या झाल्याही होत्या आणि त्यांत काही निघालं नव्हतं, त्यामुळे तर सगळे निर्धास्त. मद्रास म्हणजे आणखीच सोवळं शहर. अशा वेळी सुनीतीबाईंनी आपल्या एका विद्यार्थिनीला, निर्मला सेल्लप्पन यांना, प्रबंधासाठी विषय दिला की मद्रासमध्ये एचआयव्ही शोध.

निर्मला लहान गावातून आलेल्या, वय बत्तीसच्या आसपास, घरी दोन लहान मुलं. वेश्यावस्ती कुठे असते हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मद्रासमध्ये मुंबईसारखी उघड वस्ती नव्हतीच. शेवटी सरकारच्या सुधारगृहात, जिथे पकडलेल्या बायका ठेवत, तिथे जायचं ठरलं. त्यांचा नवरा त्यांना स्कूटरवर तिथे सोडायचा. तिकिटाचे पैसे वाचावेत हाही हिशेब होता. हातमोजे नाहीत, काही नाही. काचेच्या नळ्या, सुया, आणि समोर एकेक बाई. ऐंशीच्या वर नमुने झाले. प्रयोगशाळेत धड सोय नाही म्हणून घेतलेलं रक्त त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये. मामीला हे सांगितलं तेव्हा ती उठून बसली. "फ्रिजमधी? दुधाजवळ?" म्हटलं, बहुतेक.

मद्रासमध्ये तपासणीची सोय नव्हती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब जॉन यांच्या विषाणू विभागात ती होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये नमुने तिथे गेले. एलायझा नावाची ही चाचणी असते. ज्या खड्ड्यातल्या रक्तद्रवात विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं असतील तिथे रंग येतो, नसतील तिथे येत नाही. त्या दिवशी दुपारी वीज गेली म्हणे आणि सगळे चहाला गेले. हे वाचून मला फार बरं वाटलं. इतिहास घडत असताना आपल्या देशात वीज गेली नाही तर तो आपला इतिहासच नव्हे. परत येऊन पेटी उघडली तर सहा ठिकाणी पिवळा रंग.

पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही. सुनीतीबाई आणि जॉन पुन्हा सुधारगृहात गेले, त्या सहाजणींचं रक्त पुन्हा घेतलं. ते अमेरिकेला गेलं, तिथे वेस्टर्न ब्लॉट नावाच्या अधिक काटेकोर चाचणीनं शिक्कामोर्तब झालं. मग दिल्लीला कळवलं गेलं आणि तमिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांनी विधानसभेत जाहीर केलं. त्यावर पुष्कळ लोक म्हणाले की चाचणीच चुकली असणार. काहींनी सुनीतीबाईंनाच नावं ठेवली. ओळखीचं वाटतंय ना? आमच्या घरातही रोगाची लाज रोगापेक्षा मोठी होती.

आता इथे मला एक गोष्ट खुपते आणि ती न लिहिता पुढे जाणं बरं नाही. त्या सुधारगृहातल्या बायकांना आपलं रक्त कशासाठी घेतायत हे सांगितलं नव्हतं. निर्मलांनीच पुढे ते मोकळेपणानं सांगितलं आहे. सांगितलं असतं तरी त्यांना ते कळलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. असेलही. त्या काळी डॉक्टरांनाही धड कळत नव्हतं. पण माझ्या मामीलाही 'तिला काय कळणार' म्हणूनच सांगितलं नव्हतं. देशावर उपकार करणारा शोध आणि आमच्या घरचा अन्याय यांच्या मुळाशी एकच वाक्य असावं, हे मला त्या रात्री गच्चीवर फार टोचलं. मी मामीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "पण त्या बाई परत गेल्या ना त्यांच्याकडं?"

हो, गेल्या. इथेच सुनीतीबाई वेगळ्या निघतात. प्रबंध झाला, नाव झालं, परिषदा झाल्या असत्या, चाललं असतं. पण त्या सहाजणींमधली एक मुलगी अवघी तेरा वर्षांची होती, पळवून आणून धंद्याला लावलेली. त्या मुलीनं आपलं आयुष्य बदललं असं त्या मुलाखतींमधून सांगत राहिल्या. प्रयोगशाळेतल्या बाई माणसांकडे वळल्या. लोक यायचे, रात्री-अपरात्री, तोंड झाकून. कोणी इस्पितळातून हाकललेले, कोणी घरातून. व्हिक्टर सॉलोमन यांनाही सुरुवातीला हे पसंत नव्हतं. कोण हे लोक, कशाला त्यांच्यात, असा त्यांचा सूर. बाई म्हणाल्या, एकदा त्यांच्या गोष्टी ऐका, मग असं म्हणणार नाही तुम्ही.

१९९३ मध्ये त्यांनी सरकारी कॉलेज सोडून स्वतःचं केंद्र काढलं आणि त्याला वडिलांचं नाव दिलं, वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन आणि शिक्षण केंद्र. चेन्नईत सगळे त्याला वायआरजी केअर म्हणतात. स्वतःहून येऊन तपासणी करा, तपासणीच्या आधी आणि नंतर कोणीतरी तुमच्याशी नीट बोलेल, ही पद्धत रुजवणाऱ्या देशातल्या पहिल्या काही जागांपैकी ती एक. त्या वर्षांत बाकी देशात काय चाललं होतं ते बघा. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, जो बिचारा नियमित रक्तदान करायचा, पोलिसांनी उचलून एका बंद पडलेल्या क्षय-रुग्णालयात दोन महिन्यांहून जास्त डांबून ठेवलं होतं. कायदाच तसा होता. तेव्हा चेन्नईत एक बाई दार उघडं ठेवून बसली होती ही किती मोठी गोष्ट.

त्या केंद्रातून पुढे जे संशोधन बाहेर पडलं ते खूप आहे आणि मला त्यातलं सगळं कळतं असा आव आणत नाही. तीन गोष्टी मात्र मामीमुळे नीट वाचल्या.

त्यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली तेव्हा दिसलं की बहुतेक जणी साध्या गृहिणी. आयुष्यात पुरुष एकच, नवरा. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनीही १९९७ मध्ये हेच दाखवून दिलं होतं. लग्न झालेली, नवऱ्याशी एकनिष्ठ बाई, आणि तोच तिचा एकमेव धोका. 'वाईट वागणाऱ्यांचा रोग' म्हणणाऱ्यांची दातखिळी बसावी असं हे संशोधन होतं. बसली नाही, ती गोष्ट वेगळी. मामीला माहेरी पोचवून येताना आमच्याकडची एक बाई (नाव घेत नाही, त्या आता नाहीत) म्हणाली होती की हिच्याच पायगुणानं पोरगा गेला.

दुसरी गोष्ट औषधाची. हे जरा समजावून सांगते, कारण आमच्या घरात यावरून महाभारत झालं होतं. मामी माहेरी दहा वर्षं शिवणकाम करून राहिली. २००६ मध्ये तिला ताप धरला, वजन उतरलं. आशा म्हणा, आयाबाई म्हणा, कोणीतरी सांगितलं म्हणून एकटीच बसनं जाऊन तपासून आली. टीबी आणि एचआयव्ही, दोन्ही. केंद्र सरकारनं १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली होती, म्हणून तिला ती मिळाली. त्याआधी ही औषधं वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरची. २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी ती सुमारे साडेतीनशे डॉलरला देऊ केली तेव्हा जगभर खळबळ उडाली होती. तर मामीची औषधं सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात ती आधीपेक्षा जास्त आजारी पडली. गळ्याला गाठी, ताप चढलेला. सगळे म्हणाले, बंद कर ते विष.

तिथल्या डॉक्टरांनी तिला कागदावर चित्र काढून सांगितलं. एचआयव्ही शरीराच्या शिपायांना मारतो. शिपाई नसले की टीबीचे जंतू आत शिरून बसतात आणि कोणी हटकत नाही. औषधानं शिपाई परत उठले की त्यांना घरात बसलेले चोर दिसतात आणि ते तुटून पडतात. ती मारामारी म्हणजे हा दाह, ही सूज. रोग वाढलेला नसतो, शरीर जागं झालेलं असतं. यावर भारतातल्या रुग्णांमध्ये हे किती वेळा होतं याचा अभ्यास २००४ मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि तो सुनीतीबाईंच्या केंद्रातल्या डॉक्टरांचा, त्यांचं स्वतःचंही नाव त्यावर आहे. आमच्या मामीच्या त्या डॉक्टरांनी तो वाचला होता का, देव जाणे. पण औषध थांबवू नका हे त्यांना माहीत होतं. मामीनं थांबवलं नाही. दीड महिन्यात गाठी बसल्या.

तिसरी गोष्ट २०११ ची. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला, प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. चेन्नईचं केंद्र त्यात होतं, पुणंही होतं. ज्यांना औषध लवकर सुरू केलं त्यांच्याकडून जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे जे औषध आजारी माणसाला जगवतं तेच दुसऱ्यालाही वाचवतं. मामीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांना तेव्हा औषध असतं तर मला झालंच नसतं." मी हो म्हटलं. तेव्हा जगात कुठेच नव्हतं तसं औषध, असंही म्हटलं. "ते खरं," ती म्हणाली, "पण माहीत तरी असतं."

सुनीतीबाईंचं एक काम मात्र संशोधनाच्या कुठल्या निबंधात सापडणार नाही. त्या लग्नं जमवायच्या! औषधांमुळे लोक जगायला लागले, तरुण पोरंपोरी, घरचे लग्नासाठी मागे लागलेले, आणि खरं सांगायची सोय नाही. मग बाईच केंद्रात स्थळं बघू लागल्या. याला मुलगी तशी चालेल का, तिचं शिक्षण काय, रक्ताचे आकडे काय. जात विचारणारेही असायचे म्हणे, रोग झाला तरी जात काही सुटत नाही आपली. यावर 'लवसिक' नावाचा माहितीपटही निघाला, २०१७ मध्ये. तो बघायला त्या नव्हत्या. २८ जुलै २०१५ रोजी चेन्नईत त्या गेल्या, स्वादुपिंडाच्या कर्करोगानं. व्हिक्टर आधीच, २००६ मध्ये गेले होते. मुलगा सुनील याच क्षेत्रात संशोधन करतो. पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये, मरणोत्तर. असो. आपल्याकडे ते तसंच असतं.

हे सगळं लिहून झाल्यावर काल मामीला फोनवर वाचून दाखवलं. तिनं दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक म्हणजे ती साडी पहिल्या नाही, दुसऱ्या धुण्यात गेली. बदलत नाही मी, तसंच राहू दे. आणि दुसरी, "त्या निर्मलाबाईच्या नवऱ्याचं लईच थोडं लिवलंस. रोज स्कूटरवर न्यायचा, कुठं ते माहीत असून न्यायचा. त्याचं नाव काय?"

वीरप्पन राममूर्ती. लिहिलं गं मामी.